पहिल्या दहा चाली

शाळेच्या मधल्या सुट्टीत बुद्धिबळाचा पट मांडला गेला, की त्याभोवती खेळणाऱ्यांपेक्षा पाहणाऱ्यांचीच गर्दी अधिक होते. अशा गर्दीत एखादा मुलगा हमखास असा असतो, की ज्याला चार चालींत मात करण्याची युक्ती कोणीतरी शिकवलेली असते. तो राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो, उंट बाहेर काढतो, लगेच वजीर पटाच्या कडेला नेऊन उभा करतो. आणि समोरचा बेसावध राहिला, तर चौथ्या चालीला त्याच्या राजाकडील उंटापुढचे प्यादे वजिराने मारून ‘शह आणि मात’ म्हणून मोकळा होतो. पाहणारे टाळ्या पिटतात. हरलेला मुलगा मान खाली घालून मोहरे डब्यात भरू लागतो, आणि जिंकलेल्याला वाटते, की आता या खेळात शिकण्यासारखे फारसे काही उरले नाही.

पुढे एक दिवस हाच मुलगा एखाद्या जाणत्या खेळाडूसमोर बसतो. त्याचा वजीर ठरल्याप्रमाणे कडेला येऊन उभा राहतो. परंतु समोरचा खेळाडू गडबडत नाही. त्याने आपल्या वजिराकडील घोडा आधीच बाहेर काढून मधल्या प्याद्याला आधार दिलेला असतो. तो राजाकडील घोड्यापुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवतो आणि वजिराला उठावे लागते. वजीर मागे येऊन पुन्हा त्याच कच्च्या प्याद्यावर डोळा ठेवतो, तेव्हा समोरचा खेळाडू दुसरा घोडा मध्ये घालून ती वाट बंद करतो. आता पट पाहावा. एकाचे दोन्ही घोडे उत्तम जागी बसले आहेत आणि त्याच्या उंटालाही वाट मोकळी झाली आहे. दुसऱ्याचा वजीर दोन चाली खर्चून अशा घरात येऊन बसला आहे, की जे घर वस्तुतः त्याच्याच घोड्याचे! घोडा घरातच अडकला आणि वजिराला पुढे काही कामही उरले नाही. मात तर झाली नाहीच. उलट डाव जेमतेम सुरू होतो न होतो, तोच हा मुलगा मागे पडला. यानंतर काय करावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. कारण युक्ती चौथ्या चालीलाच संपते.

बुद्धिबळाच्या डावाचे प्रारंभ, मध्य आणि अंत असे तीन भाग मानतात. प्रारंभीच्या दहा-बारा चालींत खेळाडू आपले सैन्य कसे मांडतो, यावर पुढचा डाव कसा रंगणार हे पुष्कळसे अवलंबून असते. जगातील खेळाडूंनी शतकानुशतके या चालींचा अभ्यास करून त्यांच्या अनेक पद्धती ठरवल्या आहेत, आणि त्यांना निरनिराळी नावेही दिली आहेत. नवशिक्याने या पद्धती शिकाव्यात, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की एवढ्या पद्धतींतून त्याने कोणती निवडावी? लवकर जिंकून देईल ती, की दुसरी कोणती?

या प्रश्नाचे उत्तर पटावरच शोधावे लागते. डाव मांडून झाला, की प्रत्येक बाजूस सोळा मोहरे असतात. पण पहिल्या चालीला त्यांतील किती जणांना हलता येते? आठ प्याद्यांना आणि दोन घोड्यांना. पहिली चाल एकूण वीस प्रकारांनी करता येते. त्यांतील सोळा चाली प्याद्यांच्या आणि चार घोड्यांच्या. राजा, वजीर, दोन उंट आणि दोन हत्ती हे सगळे आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडलेले असतात. गडाचे दरवाजे बंद असताना आत कितीही घोडदळ असले, तरी मैदानात त्याचा उपयोग होत नाही. म्हणून प्रारंभीचे पहिले काम दरवाजे उघडण्याचे. मात करण्याचा विचार त्यानंतरचा.

मग हे मोहरे बाहेर काढून न्यायचे कोठे? येथे थोडे मोजून पाहावे. रिकाम्या पटाच्या कोपऱ्यात घोडा ठेवला, तर त्याला अवघी दोन घरे मिळतात. पटाच्या मध्यावर ठेवला, तर आठ मिळतात. राजाकडील घोडा पहिल्या चालीला राजाकडील उंटाच्या उभ्या ओळीत, तिसऱ्या घरात आणून ठेवला, तर त्याचा दाब आठ घरांवर पडतो. तोच घोडा कडेच्या ओळीत नेला, तर चारच घरांवर. चाल दोहोंकडे एकच खर्च झाली, पण बळ अर्धे झाले. उंटाचेही तसेच. कोपऱ्यातील उंटाला सात घरे दिसतात, तर मध्यावरील उंटाला तेरा. हत्तीचा स्वभाव मात्र निराळा आहे. रिकाम्या पटावर तो कोठेही ठेवा, त्याला चौदाच घरे मिळतात. त्याला हवी असते ती प्याद्यांवाचून मोकळी असलेली ओळ. म्हणून हत्तींनी मागे थांबावे आणि घोड्यांनी व उंटांनी पुढे व्हावे, असा क्रम आपोआपच ठरतो. पटाच्या ऐन मध्यावरची चार घरे ज्याच्या ताब्यात, त्याच्या मोहऱ्यांना या बाजूकडून त्या बाजूकडे जाणे सोपे पडते. आणि ज्याच्या ताब्यात ती नाहीत, त्याला प्रत्येक वेळी वळसा घालावा लागतो.

हे ध्यानात घेतले, म्हणजे नवशिक्यांना ‘इटालियन’ नावाच्या पद्धतीने सुरुवात करण्यास का सांगतात, ते उमगते. ही पद्धत फार जुनी आहे. इटलीतील जोआकीनो ग्रेको या खेळाडूने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या हस्तलिखितांत या पद्धतीचे डाव नोंदवून ठेवले. तिच्या एका शाखेला इटालियन भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थच मुळी ‘शांत डाव’ असा होतो.

हिच्यात पांढरा प्रथम राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवतो. त्या एका चालीने मध्यावरचे एक घर हाती येते, आणि राजाकडील उंट व वजीर या दोघांच्या वाटाही उघडतात. काळाही तसेच उत्तर देतो. दुसऱ्या चालीला पांढरा राजाकडील घोडा बाहेर काढतो. घोडा चांगल्या घरात बसला आणि बसताक्षणीच त्याने काळ्याच्या मधल्या प्याद्यावर मारा धरला. काळा वजिराकडील घोडा काढून त्या प्याद्याला आधार देतो. तिसऱ्या चालीला पांढरा राजाकडील उंट वजिराकडील उंटाच्या उभ्या ओळीत, चौथ्या घरात आणून ठेवतो. तेथून तो मध्याकडेही पाहतो आणि काळ्याच्या राजाकडील उंटापुढच्या प्याद्याकडेही पाहतो. आरंभी त्या प्याद्याला एकट्या राजाचाच आधार असतो. म्हणून ते पटावरील सर्वांत कच्चे ठिकाण. चार चालींच्या मातेतही डोळा त्याच प्याद्यावर होता. फरक इतकाच, की तेथे वजीर एकटाच धावला होता, आणि येथे सैन्य क्रमाने पुढे येत आहे. काळा आपलाही उंट तसाच बाहेर काढतो.

चौथ्या चालीपासून घाई नाही. पांढरा वजिरापुढचे प्यादे एक घर पुढे सरकवून मधल्या प्याद्याला आधार देतो; त्याच चालीने दुसऱ्या उंटाची वाट मोकळी होते. आता राजा आणि त्याच्याकडील हत्ती यांच्यामध्ये कोणी उरलेले नाही. म्हणून पाचव्या चालीला तो किल्लेकोट करतो. राजा दोन घरे हत्तीकडे सरकतो, आणि हत्ती त्याच्यावरून पलीकडच्या घरात येतो. एकाच चालीत दोन मोहरे हलवण्याची मुभा साऱ्या डावात एवढ्या एकाच प्रसंगी मिळते. मात्र त्यापूर्वी राजा किंवा तो हत्ती हललेला नसावा. राजाला शह लागलेला नसावा. तो ज्या घरांवरून जाणार आणि ज्या घरात बसणार, त्यांवर शत्रूचा मारा नसावा. ज्या मुलाने उगाच राजा एक घर हलवून परत आणला, त्याचा हा हक्क कायमचा बुडाला. यानंतर दुसरा घोडा, दुसरा उंट बाहेर येतात, आणि वजीर एखादे घर पुढे सरकला, की दोन्ही हत्ती एकमेकांना आधार देऊ लागतात. एवढे सारे आठ-नऊ चालींत होते. या काळात कडेची प्यादी विनाकारण ढकलणे, किंवा बाहेर आलेला मोहरा पुन्हा पुन्हा हलवणे, म्हणजे हाती असलेली चाल फुकट घालवणे होय.

येथे कोणी विचारील, की हे सारे ठीक आहे. पण सैन्य नीट मांडल्याने जिंकता येते का? याचे उत्तर १८५८ साली पॅरिसच्या एका ऑपेरागृहात मिळाले. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचा पॉल मॉर्फी हा त्या वेळी एकवीस वर्षांचा होता. रंगमंचावर संगीतनाटक चालू असताना सज्जात पट मांडला गेला. एका बाजूस एकटा मॉर्फी. दुसऱ्या बाजूस ब्रुन्सविकचे ड्यूक आणि काउंट इसुआर हे दोघे सरदार आपसांत सल्लामसलत करून खेळत होते. पांढरे मोहरे मॉर्फीकडे होते.

सरदारांनी दुसऱ्याच चालीला वजिरापुढचे प्यादे एक घर पुढे टाकले. मधल्या प्याद्याला आधार मिळाला खरा. पण त्यांच्याच राजाकडील उंटाची वाट त्या प्याद्याने अडवली. पुढे त्यांनी दुसरा उंट बाहेर काढला आणि लगेच तो मॉर्फीच्या घोड्यावर देऊन टाकला. तो उंट मारण्याच्या निमित्ताने मॉर्फीचा वजीर आयताच बाहेर आला. मॉर्फीने उंट बाहेर काढला, वजिराची एक चाल करून एकाच वेळी दोन प्याद्यांवर मारा धरला, आणि सरदारांना नाइलाजाने आपला वजीर राजासमोर आणून बसवावा लागला. त्या वजिरामुळे राजाकडील उंटाची वाट दुसऱ्यांदा बंद झाली! मॉर्फीला त्या क्षणी एक प्यादे सहज मारता आले असते. ते त्याने मारले नाही. त्याऐवजी त्याने घरातला घोडा बाहेर काढला. मग दुसरा उंट. बाराव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूस किल्लेकोट केला, आणि त्याच चालीने एक हत्ती मोकळ्या ओळीत आला. पुढे दुसरा हत्तीही तेथेच आला. सोळाव्या चालीला त्याने आपला वजीर बळी दिला, आणि सतराव्या चालीला हत्ती व उंट या दोघांनी मिळून मात केली.

हा डाव पटावर मांडून शेवटच्या स्थितीशी थांबावे. सरदारांचा राजाकडील उंट आणि त्याच्या शेजारचा हत्ती पहिल्या दिवशी मांडल्यासारखे आपापल्या घरात उभे आहेत. साऱ्या डावात ते एकदाही हलले नाहीत. मॉर्फीचा मात्र एकही घोडा, उंट वा हत्ती कामावाचून राहिला नाही. अखेरीस पटावर सरदारांचे बळ अधिक होते. पण लढाईत ज्याने भागच घेतला नाही, ते बळ मोजण्यात काय अर्थ? हा डाव आजही नवशिक्यांना शिकवला जातो.

प्रारंभाचे ज्ञान नसेल, तर मोठ्या खेळाडूलाही किती झगडावे लागते, याचे उदाहरण आपल्याच उपखंडातील आहे. पूर्वी आपल्याकडे बुद्धिबळाचे नियम थोडे वेगळे होते. प्रांताप्रांतांत त्यांत फरकही असे. पण सामान्यतः प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके, आणि आजच्यासारखा किल्लेकोट नसे. त्याऐवजी राजाला एकदा घोड्याची चाल चालता येई. त्यामुळे दोन्ही सैन्ये सावकाश मांडली जात आणि टक्कर उशिरा होई. पंजाबातील मिठा तिवाना येथील मीर सुलतान खान यांची बुद्धी याच देशी पद्धतीवर घडली होती. युरोपीय नियम ते मोठेपणी शिकले, आणि १९२९ साली सर उमर हयात खान यांच्याबरोबर इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेल्या कापाब्लांकालाही त्यांनी हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत हरवले. डावाच्या मध्यात आणि अंती त्यांचा खेळ असामान्य होता. प्रारंभी मात्र समोरच्या खेळाडूंपाशी वर्षानुवर्षांचा अभ्यास असे, आणि सुलतान खान यांना त्याच वेळी पटापुढे बसून वाट शोधावी लागे. कित्येकदा मागे पडलेला डाव त्यांनी पुढे सावरून घेतला. अशी सावरण्याची शक्ती किती जणांपाशी असणार? त्यांचे १९६६ साली निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ साली त्यांना सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब मरणोत्तर दिला.

त्याच देशी वळणाची आणखी एक आठवण बुद्धिबळाच्या शास्त्रात टिकून आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाचे खेळाडू जॉन कॉक्रेन या ब्रिटिश खेळाडूबरोबर खेळत असत. ते घोड्यापुढचे प्यादे एकच घर सरकवून त्यामागे उंट बसवीत. अशा मांडणीच्या काही पद्धतींना आज ‘इंडियन’ हेच नाव आहे. नाव आपले असले, तरी नवशिक्याने त्या नावाला भुलू नये. या पद्धतीत काळा प्रथम मध्य सोडून देतो आणि पुढे योग्य वेळी त्यावर हल्ला चढवतो. ती योग्य वेळ कोणती, हे ज्याला ओळखता येत नाही, त्याचे सैन्य कोंडूनच मरते. ‘सिसिलियन’ पद्धतीचेही तसेच. मोठे खेळाडू ती आवडीने खेळतात. पण तिच्या शाखा इतक्या, की मुलाचा सारा वेळ पाठांतरातच जावा, आणि समोरच्याने पाठ नसलेली एक चाल केली, की हात थांबावा.

काळे मोहरे आले, की राजापुढच्या प्याद्याला राजापुढच्याच प्याद्याने आणि वजिरापुढच्या प्याद्याला वजिरापुढच्याच प्याद्याने उत्तर द्यावे. प्रारंभी एवढे पुरे. दुसऱ्या प्रकारच्या डावात काळ्याचा वजिराकडील उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकण्याचा संभव असतो. त्याची काळजी मात्र आधीपासून घ्यावी लागते. वर्षभर इटालियन पद्धत खेळून हात बसला, म्हणजे ‘रुय लोपेझ’ पद्धतीकडे वळावे. ही पद्धत स्पेनमधील एका धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाते. त्याचा बुद्धिबळावरील ग्रंथ १५६१ साली प्रसिद्ध झाला. हिच्यात तोच उंट एक घर आणखी पुढे जाऊन घोड्यावर मारा धरतो. म्हणजे निम्मी ओळख आधीच झालेली असते. त्यानंतर ‘क्वीन्स गॅम्बिट’. तिच्यात पांढरा एक प्यादे देऊ करतो. पण काळ्याने ते घेतले, तरी बहुधा परत मिळवता येते.

इटालियन पद्धत ही मुलांचीच, असेही कोणी समजू नये. अलीकडच्या काळात जगातील अग्रगण्य खेळाडू अतिशय महत्त्वाच्या स्पर्धांतही ती पुन्हा खेळू लागले आहेत. संगणक आज चांगली चाल क्षणात दाखवतो. ती चाल का चांगली, हे मात्र खेळणाऱ्यालाच समजून घ्यावे लागते. ज्या पद्धतीतील प्रत्येक चालीचे कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, ती पद्धत त्याच्या योग्य. ज्या चालीचे कारण सांगता येत नाही, ती तूर्त दुसऱ्याची आहे.

मधल्या सुट्टीतील त्या मुलानेही आता एक साधी वही करावी आणि प्रत्येक डावाच्या पहिल्या दहा चाली तीत लिहाव्यात. डाव संपल्यावर पट पुन्हा मांडून दहाव्या चालीशी थांबावे, आणि मोजावे: घरातून किती मोहरे बाहेर आले? राजा किल्ल्यात गेला का? कोणता मोहरा दोनदा, तीनदा हलला, आणि कशासाठी? समोरच्याचेही असेच मोजावे. पुष्कळदा असे आढळते, की जो डाव तिसाव्या चालीला हरला असे वाटत होते, तो सातव्या चालीलाच हातचा गेला होता. कारण त्या वेळी कोपऱ्याजवळचे एक प्यादे उगाच पुढे ढकलले होते, आणि घोडा अजून घरातच होता.